सरकारी पानालाही 'धोकादायक' म्हणणारं मॉडेल

चोपड्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम-किसानचा हप्ता, केळीचा पीकविमा अशा नावांनी खोट्या लिंका फिरतात. त्या ओळखायला भाच्याने रँडम फॉरेस्टचं, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांची मतं घेऊन ठरवणारं मॉडेल बनवलं. चाचणीत जवळपास शंभर टक्के अचूक. पण पीएम-किसानच्या खऱ्या संकेतस्थळाचं आतलं पान दिलं, तर 'धोकादायक'! "मामा, हाई काय व्हयनं?"

मॉडेल कशाला महत्त्व देतंय ते काढून पाहिलं. सगळ्यात वर लिंकेची लांबी आणि त्यातल्या तिरक्या रेघांची (/) संख्या. मग डेटा उघडला आणि उलगडा झाला. वाईट लिंका फिशटँकच्या, म्हणजे लोकांनी कळवलेल्या फसव्या लिंकांच्या यादीतल्या, पूर्ण पत्त्यासकट. चांगल्या मात्र ट्रँको या लोकप्रिय संकेतस्थळांच्या यादीतल्या, म्हणजे नुसती डोमेन नावं (संकेतस्थळाचं मूळ नाव, पुढे रेघ नाही). मॉडेल बिचारं एवढंच शिकलं होतं: रेघ दिसली की चोर.

चांगल्या संकेतस्थळांच्या आतल्या पानांच्या लिंका गोळा केल्या. सुरुवातीचे एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू दोन्हीकडून काढले. एकाच डोमेनच्या लिंका प्रशिक्षणात आणि चाचणीत विभागल्या जाऊ नयेत म्हणून सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं ग्रुपकेफोल्ड वापरलं. अचूकता घसरली. घसरायलाच हवी होती, आधीचा आकडा फुगवलेला होता.

खरा फरक पडला तो दोन नव्या खुणांनी: डोमेनची नोंदणी किती जुनी, आणि पत्त्यात 'पीएमकिसान' असून शेवट 'जीओव्ही डॉट इन' नाही असं आहे का. सरकारी पानं आता 'धोकादायक' ठरत नाहीत. हॅक झालेली जुनी, खरी संकेतस्थळं मात्र अजून निसटतात. त्यासाठी पत्ता पुरत नाही, पानातला मजकूर आणि फॉर्म कुठे जातो तेही तपासावं लागेल.