टेबल टेनिससाठी ब्लेड कसं निवडावं?

आमच्या हॉलमधल्या एका सीनिअर खेळाडूच्या हातात कार्बनचं ब्लेड बघून मीही तसलंच घेतलं. पुढचे सहा महिने माझे टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारे फटके) पलीकडच्या भिंतीवर आदळत होते. तो आठवड्याचे पाच दिवस घाम गाळायचा, मी फक्त शनिवार-रविवार. हा फरक खरेदीच्या वेळी डोक्यात आलाच नाही.

ब्लेड म्हणजे रबर न लावलेली बॅट. रबर काही महिन्यांत गुळगुळीत होतं, बदलावं लागतं; ब्लेड जपलं तर वर्षानुवर्षं पुरतं. तेव्हा आधी ब्लेड ठरवा, मग रबर.

पहिलं काम दुकानात जाण्याआधीचं. मित्राला मोबाइलवर तुमच्या दोन-तीन मॅचचा व्हिडिओ काढायला सांगा आणि वही घेऊन बसा. प्रत्येक पॉइंट कसा संपला एवढंच लिहायचं: तुमच्या टॉपस्पिनवर, ब्लॉकवर (समोरचा फटका नुसती बॅट धरून परतवणं), की तुमचा बॉल बाहेर गेला म्हणून. स्वतःला अटॅकर म्हणवणाऱ्याच्या वहीत निम्मे पॉइंट ब्लॉकचे निघतात, माझ्या तरी निघाले. टेबलाला चिकटून खेळता की दोन पावलं मागून, तेही टिपून ठेवा.

आता वहीवरून निवड. बाहेर गेलेले बॉल जास्त असतील किंवा खेळायला लागून वर्ष-दोन वर्षंच झाली असतील, तर पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, साधं लाकडी ब्लेड घ्या. स्टिगा कंपनीचं ऑलराउंड क्लासिक हा त्यातला जुना, खात्रीचा नमुना. अशा ब्लेडवर बॉल किंचित जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो, फिरकी द्यायला सवड मिळते आणि फटका कुठे चुकला ते हाताला कळतं. टेबलाजवळून ब्लॉक आणि सपाट स्मॅश करणाऱ्यांना सात प्लाय मानवतं, उदाहरणार्थ स्टिगाचंच क्लिपर. ते जास्त ताठ असतं, बहुतेकदा जडही. मागे जाऊन चॉप (बॉलला खालून उलटी फिरकी देणारा बचावाचा फटका) करणाऱ्यांनी संथ, लवचिक ब्लेड बघावं. त्याचं पातं बऱ्याचदा नेहमीपेक्षा मोठं असतं.

कार्बनचा मोह होणारच. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड लागतं, त्यामुळे तेही मुळात लाकडीच. फरक पडतो तो कार्बनच्या धाग्यांचा पातळ थर, म्हणजे फायबर, कुठे बसवलाय त्याने. बटरफ्लाय कंपनीच्या इनरफोर्स लेयर एएलसी या ब्लेडमध्ये तो आत, मधल्या लाकडाला लागून असतो; हळू खेळताना ब्लेड लाकडासारखं वागतं, जोर लावला की कार्बन जाणवतो. त्याच कंपनीच्या व्हिस्कारियात तो वरच्या थराच्या लगेच खाली, म्हणून साध्या पुशलाही (बॉलखालून हलकेच ढकललेला फटका) बॉल उडतो. माझी कसोटी सोपी आहे: पलीकडे टेबलावर दोन टप्पे पडतील असे दहापैकी सात पुश जमत नसतील, तर कार्बन अजून वर्षभर लांबच ठेवा.

दुकानात वजनकाटा मागा. एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो. नुसतं ब्लेड ८५ ग्रॅमच्या आसपास असलं तरी दोन्ही रबरं चढल्यावर बॅट १७५-१८० ग्रॅमपर्यंत जाते, आणि तासाभराने मनगट तक्रार करतं. मग ब्लेड कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. आवाज जितका बारीक, तितकं ब्लेड साधारणपणे ताठ. मूठ खाली रुंद होत गेलेली असेल तर घामेजल्या हातातून निसटत नाही. भारताच्या मनिका बत्रासारखी बॅट फिरवून लांब पिंपल्सची (लांब दाण्यांच्या रबराची) बाजू बदलायची असेल तर सरळ मूठ सोपी पडते.

घरी आणल्यावर रबर चिकटवण्याआधी ब्लेडवर लॅकरचा एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या. पुढे कधी रबर काढाल तेव्हा कोपऱ्यातून, तिरकं आणि सावकाश ओढा. माझ्या त्या कार्बनच्या ब्लेडचा बोटभर ढलपा रबराबरोबरच निघून आला होता.