कधी जड, कधी हलकं: जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचा बिघाड कसा शोधावा

मे महिना, दुपारचे अडीच. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर गाडी वळवायला घेतली आणि स्टिअरिंग अचानक दगड झालं. दोन्ही हातांनी ओढून वळण कसंबसं पार पाडलं, पुढे गाडी कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, तर स्टिअरिंग लोण्यासारखं. संध्याकाळी गॅरेजात दाखवली तेव्हाही लोणीच. महिनाभर हाच खेळ चालला. एकाने रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदलायला सांगितला, दुसऱ्याने मोटर. शेवटी सापडला तो दहा नंबरचा एक सैल बोल्ट.

चोपड्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एवढंच विचारलं होतं, "कव्हय व्हस ते सांग, काय व्हस ते मी दखस." म्हणजे, कधी होतं ते तू सांग, काय होतं ते मी बघतो. मला ते धड सांगता आलं नाही. सगळी पंचाईत तिथेच होती.

आधी गाडी चालवायची की नाही ते ठरवा. स्टिअरिंग फक्त जड होत असेल, तर चाकांशी असलेला लोखंडी जोड सहसा शाबूत असतो. जोर लावून हळू चालवत गाडी घरी आणता येते. पण स्टिअरिंग मध्येच अडकत असेल, फिरवल्यावर चाकं उशिरा वळत असतील किंवा गाडी आपोआप एका बाजूला धाव घेत असेल, तर ती जागेवरच उभी करा आणि ओढून न्या. आणि कन्नड घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती आजच सोडावी. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग हलकं करणारी पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो, आणि चावी चुकून पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

पहिली पायरी वहीची. डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा आणि दर वेळी लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, एसी चालू होता का, वेग किती, डावीकडे वळताना झालं की उजवीकडे, कुठला दिवा लागला, आवाज आला का, आदल्या दिवशी पाऊस होता का. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यात काहीतरी सारखं दिसू लागतं. माझ्या वहीत सगळ्या नोंदी दुपारच्या, एसी चालू आणि वेग जवळजवळ शून्य अशा निघाल्या. सकाळी गार हवेत एकदाही नाही. मग गॅरेजवाल्याला संध्याकाळी काय दिसणार?

दुसरी पायरी, आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा. बॉनेट उघडल्यावर पॉवर स्टिअरिंग ऑइलची छोटी डबी दिसली तर ते सहसा हायड्रॉलिक. डबी नाही, पण चावी दिल्यावर डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा किंवा ईपीएस लिहिलेला दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, तर ते इलेक्ट्रिक. दोन्ही नसेल तर साधं स्टिअरिंग. तिथे खालचे वायरिंगचे आणि ऑइलचे परिच्छेद सोडून द्या.

टायरची हवा तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून ती आधी. पुढच्या एका टायरात हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. आपल्याकडे 45 अंशांच्या उन्हात महामार्गावरून आलेल्या टायरात आकडा वाढलेलाच दिसणार. तो बघून हवा काढू नका.

आता इलेक्ट्रिक स्टिअरिंग. त्याची मोटर गाडी जागच्या जागी वळवताना भरपूर वीज ओढते, कित्येक गाड्यांत 30 ते 50 अँपिअरच्या घरात. त्याच वेळी एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू असतो, आणि इंजिन आयडलवर असल्याने अल्टरनेटर कमी वीज बनवतो. वायरिंगमधला कच्चा जोड नेमका तेव्हाच उघडा पडतो. व्होल्टेज फार खाली गेलं की कंट्रोल युनिट मदत बंद करतं आणि दिवा लावतं. गाडी बंद-चालू केली की ते नव्याने तपासणी करतं आणि सगळं ठीक दिसतं.

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी 20 व्होल्टवर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही थांबलो होतो, कारण माझे दोन्ही आकडे उत्तम होते.

खरी परीक्षा अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या जोडाची. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरा (टोकावर, क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल पिन बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. इंजिन, एसी, हेडलाइट सगळं चालू ठेवा. हँडब्रेक लावून घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगलं. माझ्या गाडीत तो 0.1 वर शांत बसला होता. मग मी बॅटरीच्या ट्रेखाली जाणारी काळी केबल हाताने हलवली आणि आकडा दोनच्या वर उडाला. केबल बॉडीला धरून ठेवणारा बोल्ट बोटाने फिरत होता, त्याच्याखाली गंजाचा लाल भुगा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून तो जोड खोलला, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट केला आणि वरून व्हॅसलीन लावलं. हीच तपासणी इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या अर्थिंगसाठीही करा.

अर्थिंग ठीक निघालं तर स्टिअरिंगचा मोठा फ्यूज आणि त्याचा कनेक्टर बघा. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात गाडी रात्रभर उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहा. स्टिअरिंग जाताना स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर पडत असेल तर संशय स्पीड सेन्सरवर घ्या. अरुंद जागेत गाडी सलग पाच-सहा वेळा मागेपुढे केल्यावरच स्टिअरिंग जड होत असेल, तर मोटर तापल्यामुळे युनिट स्वतःच मदत कमी करत असू शकतं. तो बिघाड नव्हे. स्कॅनरने कोड वाचायचे असतील तर बॅटरीची वायर काढण्याआधी वाचा, नाहीतर काही गाड्यांत ते पुसले जातात. पिवळ्या वेष्टणाच्या वायरी एअरबॅगच्या. त्यांना हात लावू नका.

हायड्रॉलिकमध्ये ऑइलची पातळी आणि फेस आधी पाहा. फेस असेल तर कुठूनतरी हवा आत ओढली जाते आहे, बऱ्याचदा डबीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लिपपाशी. सकाळी सुरू करताना किंवा पावसात किंचाळल्यासारखा आवाज आणि त्याच वेळी जडपणा, म्हणजे पट्टा घसरतो आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला; ब्रेक ऑइल घातलं तर सील खराब होतात.

आता लोखंडी भाग. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. स्टिअरिंग हळू फिरवा. एका पूर्ण फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा क्रॉस (दांड्याचे दोन तुकडे जोडणारा सांधा) जाम झाला आहे. ज्या गाड्यांत तो खाली उघडा असतो, तिथे चिखल-पाण्याने हे हमखास होतं. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा; खटखट लागली तर आधी टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) बघा. वर-खाली धरून हलवल्यावर लागली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. वळताना पुढून टणकन स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो आणि वळणानंतर स्टिअरिंग सरळ होत नाही, तेव्हा शॉकअपच्या वरची बेअरिंग बघा.

पावसाळ्यातला एक प्रकार मात्र आपल्या काळ्या मातीचाच. शिवाररस्त्यावरून आलं की चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि महामार्गावर साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. दोन दिवसांनी माती वाळून गळते आणि थरथर जाते. अशा वेळी लोक बॅलन्सिंगचे पैसे भरून येतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेने रिम आतून धुवा.

टाय रॉड एंड बदलला तर अलाइनमेंट करून घ्या. आणि काहीही दुरुस्त केलं तरी गाडी वहीतल्या वेळेलाच चालवून बघा. मी सलग तीन दिवस दुपारी अडीचला, एसी पूर्ण चालू ठेवून त्याच चौफुलीवर फेऱ्या मारल्या. दिवा लागला नाही. चौथ्या दिवशी वही घरात नेऊन ठेवली.