दोघांनी अदिस अबाबा फिरायचं तर आधी घड्याळ जुळवा

मुंबईहून थेट विमानाने सहाएक तासांत इथिओपियाच्या राजधानीत पोचता येतं. आम्ही नणंद-भावजय तिथे चार दिवस हिंडलो आणि न भांडता परत आलो, म्हणून हे लिहायचा मला थोडा हक्क आहे.

निघण्याआधी

पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस घ्या. भारतात परतताना त्याचं प्रमाणपत्र मागतात आणि ते लस टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर सक्तीने विलगीकरणात बसवतात. ही लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते, त्यामुळे तारीख लवकर घ्या. जून ते सप्टेंबर तिथे जोरदार पाऊस असतो, ते दिवस टाळलेले बरे.

वेळ ठरवताना

इथे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. काट्यांच्या घड्याळात तास काट्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचायचा. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. एका ड्रायव्हरला 'तीन वाजता' बोलावलं होतं, तो सकाळी नऊला दारात हजर! नणंदबाई न्हाणीघरात, मी नाइटीत. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला विचारायचो, "हबेशा वेळ की फेरेंजी?" हबेशा म्हणजे तिथले लोक, फेरेंजी म्हणजे परके, अर्थात आपण. दोघांपैकी एकाने हा हिशेब आपल्याकडे घ्यावा. दोघांनीही केला तर सहा तास दोनदा वजा होतात, हा स्वानुभव. विमानाच्या वेळा मात्र आपल्यासारख्याच असतात.

पहिला दिवस

शहर सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्याही ७०० मीटर वर. जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका, पण त्या दिवशी डोंगरही गाठू नका. पैसे बदला, सिमकार्ड घ्या, पाणी पीत राहा. रोख बिर, म्हणजे तिथलं चलन, दोघांत वाटून ठेवा आणि सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात.

पायी फिरायला सुरुवात

सिदिस्त किलो या चौकापासून करा. तिथल्या अम्हारिक भाषेत सिदिस्त म्हणजे सहा, अम्मिस्त पाच, अरात चार. रस्ता सहा किलोहून चार किलोकडे उतरतो, म्हणून नेहमी त्याच दिशेने चाला. वर विद्यापीठाच्या आवारात सम्राट हाइले सेलासींचा जुना राजवाडा आहे. तिथे आता लोकजीवनाचं संग्रहालय असून सम्राटांची झोपायची खोली आणि न्हाणीघरही बघता येतं. मधे राष्ट्रीय संग्रहालयात माणसाची आद्य पूर्वज मानली जाणारी लूसी भेटते. ३२ लाख वर्षांपूर्वीचे हे अवशेष १९७४ मध्ये हदार इथे सापडले. मांडलेला सांगाडा प्रतिकृती आहे, तरी तिची उंची बघून आम्ही दोघी गप्प झालो. तिथले लोक तिला दिन्किनेश म्हणतात, 'तू अद्भुत आहेस'. खाली अरात किलोजवळ ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये सम्राटांची समाधी आहे.

राजवाडे, सरकारी इमारती, सैनिक यांचे फोटो काढू नका. जोडीदाराला फोटोचं वेड असेल तर हे हॉटेलातच सांगून ठेवा.

मिनीबसमध्ये

निळ्या-पांढऱ्या मिनीबसच्या दारात वयाला, म्हणजे कंडक्टर, ठिकाणाचं नाव तीन-तीनदा ओरडतो. तुमच्या ठिकाणाचं नाव ऐकू आलं की चढा. एकाने खिडकीतून खुणा बघाव्यात, दुसऱ्याने बॅग मांडीवर धरावी. उतरायचं तर 'वराज अले' म्हणा. पहिल्या वेळी लाज वाटते, दुसऱ्या वेळी सगळी बस हसते.

मर्कातोचा बाजार प्रचंड आहे. सकाळी जा, फोन आत ठेवा, चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते आत शिरण्याआधीच ठरवा. घासाघीस एकानेच करावी, दुसऱ्याने 'चला, नको' म्हणत पाय काढायचा. दादरच्या फुटपाथवर शिकलेली विद्या इथेही चालते.

जेवताना

बुधवार-शुक्रवार गाठा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा तो उपास, त्यामुळे मांस, दूध, लोणी वर्ज्य आणि शाकाहाऱ्यांची चंगळ. 'यत्सोम बयायनेतू' मागा. एका मोठ्या ताटात टेफ या धान्याच्या आंबट इंजेरावर मसूर, कोबी, बीट, भाज्या येतात. इंजेरा आंबोळीची लांबची बहीण, आणि शिरो म्हणजे चक्क पिठलं, फक्त बर्बेरे मसाल्याचं. दोघांना एकच ताट. उजव्या हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालणं म्हणजे गुर्शा. नणंदेने मला भरवला तेव्हा शेजारच्या टेबलावरून टाळ्या आल्या. सासरी हे कोणी मानणार नाही.

कॉफीसाठी तासभर राखून ठेवा. बिया समोर भाजतात, मातीच्या जबेनात उकळतात आणि तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरेका. पहिल्या कपानंतर उठू नका.

शेवटच्या दिवशी

एन्टोटोच्या डोंगरावर गाडीने जा. सम्राट मेनेलिक (दुसरा) याचा मुक्काम आधी इथे होता. राणी तायतूला खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळची जागा आवडली, आणि १८८६ मध्ये तिथे वसलेल्या गावाला तिनेच 'नवं फूल', म्हणजेच अदिस अबाबा हे नाव दिलं. वरून सगळं शहर दिसतं, निलगिरीच्या झाडांमधून. त्याच ड्रायव्हरला विमानतळासाठीही सांगून ठेवा. वेळ मात्र कागदावर लिहून द्या, 'फेरेंजी' शब्दासकट.