लिनक्सवर डेस्कटॉप इफेक्ट्स: आधी ग्राफिक्स तपासा, मग विंडो डोलवा

ओढलेली विंडो जेलीसारखी डोलते, मिनिमाइझ केली की दिव्यातल्या जिनसारखी निमुळती होत पॅनेलमध्ये शिरते, आणि डेस्कटॉप बदलताना सगळा पडदा ठोकळ्यासारखा फिरतो. लिनक्सवर हे सगळं फुकट मिळतं आणि जुन्यापान्या लॅपटॉपवरही बरंच चालतं. चालत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: ग्राफिक्स चिपचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडलेलं असतं. म्हणून इफेक्ट्सच्या यादीला हात लावण्याआधी दोन मिनिटं तपासणीला द्या.

चित्र कोण काढतंय?

प्रत्येक प्रोग्रॅम आपली विंडो मेमरीतल्या एका वेगळ्या कोऱ्या जागेवर काढतो. त्या सगळ्या विंडो गोळा करून, एकावर एक रचून, सावल्या आणि पारदर्शकता देऊन शेवटचं चित्र तयार करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपोझिटर. प्लाझ्मा, ग्नोम आणि सिनॅमन हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप; प्लाझ्मात हे काम केविन करतो, ग्नोममध्ये मटर, सिनॅमनमध्ये मफिन. विंडो कंपोझिटरच्या हातात चित्र म्हणून येते, त्यामुळे तो ती वाकवू, ताणू, विरघळवू शकतो. सगळे इफेक्ट्स इथूनच निघतात.

१९२० गुणिले १०८० च्या पडद्याचं एक चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट धरून, सुमारे ८ एमबीचं होतं. ४के पडद्याचं सुमारे ३३ एमबीचं. ६० हर्ट्झच्या पडद्याला असं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी लागतं, १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर ७ मिलिसेकंदांनी. साध्यासुध्या ग्राफिक्स चिपलाही हे जमतं. प्रोसेसरवर टाकलं की पंखा घोंघावतो आणि विंडो अडखळत सरकते.

तपासायचं असं. प्लाझ्मात सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘अबाउट धिस सिस्टिम’ उघडा आणि ‘ग्राफिक्स प्रोसेसर’ची ओळ पाहा. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट’ पानावर ‘ग्राफिक्स’ ही ओळ असते. नव्या आवृत्त्यांत ती ‘सिस्टिम डिटेल्स’च्या आत आहे. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसलं तर पुढे चला. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर थांबा, कारण हे सॉफ्टवेअर रेंडरिंग आहे, म्हणजे सगळं प्रोसेसर काढतोय. सिनॅमन अशा वेळी स्वतःच सूचना दाखवतं. ग्नोम तर काही न बोलता ॲनिमेशन बंद करून टाकतं, आणि वापरणारा एक्स्टेन्शनला (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमला) दोष देत बसतो.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) यांमध्येच असतात. सिस्टिम पूर्ण अपडेट करून रीस्टार्ट केली की सहसा भागतं. एनव्हिडियासाठी उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो. तिथे कोणतीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा साधारण १० सेकंदच थांबतो. तो हुकला की ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लोड होत नाही, आणि अडचण नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणं सर्वांत सोपं.

लिनक्स व्हर्च्युअल मशिनमध्ये असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा, ‘३डी ॲक्सिलरेशन’वर टिक करा आणि आत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे स्वतःचे ड्रायव्हर) बसवा. हे सगळं करूनही तिथे जड इफेक्ट्सची अपेक्षा ठेवू नका.

त्याच ‘अबाउट’ पानावर आणखी एक गोष्ट टिपून घ्या: सेशन वेलँडचं आहे की एक्स११चं. प्रोग्रॅमच्या विंडो पडद्यापर्यंत पोहोचवण्याच्या या दोन पद्धती: एक्स११ जुनी, वेलँड नवी. पुढे ते लागेल.

केडीई प्लाझ्मा

इफेक्ट्सची हौस असेल तर प्लाझ्मा निवडा. वेगळं काही न बसवता सर्वांत जास्त इफेक्ट्स इथेच मिळतात, आणि ते डेस्कटॉपच्याच अपडेटबरोबर येत असल्यामुळे मोडतही कमी.

सिस्टिम सेटिंग्जच्या शोधपेटीत ‘डेस्कटॉप इफेक्ट्स’ टाइप करा. मेनूतली जागा आवृत्तीनुसार बदलते, शोध बदलत नाही. यादीत काही इफेक्ट्सपुढे चौकोनी टिकची जागा असते तर काहींपुढे गोल बटण. गोल बटणवाले एका वेळी एकच चालतात: मिनिमाइझसाठी ‘मॅजिक लॅम्प’ किंवा ‘स्क्वॉश’, विंडो उघडण्या-मिटण्यासाठी ‘फेड’, ‘ग्लाइड’ किंवा ‘स्केल’. एखादा इफेक्ट यादीत दिसतच नसेल तर वरचं फिल्टरचं बटण दाबा. तुमच्या मशिनवर न चालणारे इफेक्ट्स लपवण्याची सोय मुळातच चालू असते. ती बंद केल्यावर इफेक्ट दिसला, तर समजा की अडचण ग्राफिक्सची आहे.

सुरुवात ‘वॉब्ली विंडोज’पासून करा. यात विंडोवर ४ गुणिले ४ अशा १६ बिंदूंचं जाळं कल्पिलेलं असतं आणि शेजारचे बिंदू स्प्रिंगनं जोडलेले असतात. हिशेब एवढाच, म्हणून हा इफेक्ट दिसायला भारी असला तरी चालवायला हलका आहे. सेटिंगचं बटण दाबून डोलण्याचा स्लायडर मधल्यापेक्षा एक घर कमी ठेवा. जास्त डोलणारी विंडो पहिल्या दिवशी गंमत देते, चौथ्या दिवशी मजकूर वाचताना डोळ्यांत खुपते. आकार बदलतानाचं डोलणं बंदच ठेवलेलं बरं, कारण विंडोची कड नेमकी कुठे थांबली ते त्यात कळत नाही.

‘मॅजिक लॅम्प’ नुसता देखणा नाही, कामाचाही आहे: विंडो पॅनेलवर कुठे गेली ते डोळ्याला दिसतं. त्याचा कालावधी २०० ते ३०० मिलिसेकंदांत ठेवा. त्याहून जास्त ठेवलात तर प्रत्येक मिनिमाइझला वाट पाहावी लागते.

ठोकळा, म्हणजे ‘क्यूब’, प्लाझ्मा ५.२३ मध्ये काढून टाकला होता आणि २०२४ साली प्लाझ्मा ६.० बरोबर परत आला. त्याला किमान ३ व्हर्च्युअल डेस्कटॉप (विंडो विभागून ठेवायचे वेगवेगळे पडदे) लागतात. आधी ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप्स’मध्ये जाऊन ४ करा, म्हणजे ठोकळा चौकोनी दिसेल. मग इफेक्ट चालू करून मेटा आणि सी दाबा. मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ.

‘ब्लर’बद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. टिक केली तरी काहीच धूसर होत नाही, अशी तक्रार वारंवार येते. ब्लर फक्त त्याच विंडोंमागे चालतो ज्या मुळात पारदर्शक आहेत आणि ज्यांनी तो मागितला आहे. उदाहरणार्थ कॉन्सोल टर्मिनलमध्ये प्रोफाइल एडिट करा, ‘अपिअरन्स’मध्ये रंगयोजना निवडून ‘एडिट’ दाबा, पारदर्शकता १५ ते २० टक्के करा आणि ‘ब्लर बॅकग्राउंड’वर टिक करा. आता मागचा वॉलपेपर दुधी काचेतून पाहिल्यासारखा दिसेल. मात्र हा इफेक्ट महाग आहे. धूसर भागामागे काहीही हललं की तो भाग पुन्हा पुन्हा धूसर करावा लागतो, आणि ४के पडद्यावर जुनी इंटेल चिप इथेच दमते. लॅपटॉप अडखळू लागला तर सर्वांत आधी ब्लरची तीव्रता कमी करा, बाकीच्यांना नंतर हात लावा.

एक इफेक्ट चालू केला की ‘अप्लाय’ दाबून पाच मिनिटं वापरा, मगच दुसरा. एकदम आठ चालू केले आणि काही बिघडलं तर दोषी शोधण्यात तास जाईल. मोजूनच पाहायचं असेल तर यादीत ‘शो एफपीएस’ आहे; सेकंदाला किती चित्रं निघतात ते तो दाखवतो.

ग्नोम

ग्नोममध्ये इफेक्ट्स एक्स्टेन्शनमधून येतात. सॉफ्टवेअर स्टोअरमधून ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’ बसवा आणि त्याच्या ‘ब्राउझ’ टॅबमध्ये शोधा: डोलणाऱ्या विंडोसाठी ‘कॉम्पिझ विंडोज इफेक्ट’, दिव्यासाठी ‘कॉम्पिझ अलाइक मॅजिक लॅम्प इफेक्ट’, ठोकळ्यासाठी ‘डेस्कटॉप क्यूब’, विंडो जळून किंवा विरघळून मिटावी असं वाटत असेल तर ‘बर्न माय विंडोज’, आणि धूसरपणासाठी ‘ब्लर माय शेल’.

बसवूनही काही दिसलं नाही तर लॉगआउट करून परत या. वेलँडवर शेल (ग्नोमचा मुख्य प्रोग्रॅम) मध्येच रीस्टार्ट करता येत नाही. मग सेटिंग्जच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ॲनिमेशन कमी करण्याची सोय चालू नाही ना, ते बघा.

ग्नोमची नवी मोठी आवृत्ती आली की एक्स्टेन्शन बंद पडू शकतात, हे धरूनच चाला. २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली आणि आधीची सगळी पुन्हा लिहावी लागली. सिस्टिमची आवृत्ती बदलण्याआधी ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’मधलं मुख्य बटण बंद करा आणि नंतर एकेक चालू करा.

कॉम्पिझ, अजूनही

फिरता ठोकळा लिनक्सवर लोकप्रिय केला तो २००६ साली आलेल्या कॉम्पिझनं. तो फक्त एक्स११वर चालतो आणि ग्नोम शेलबरोबर चालत नाही, कारण तिथे कंपोझिटर शेलमध्येच गुंफलेला आहे. माटे डेस्कटॉपवर मात्र त्याची जोडी छान जमते. कॉम्पिझ आणि त्याचा ‘कॉम्पिझकॉन्फिग सेटिंग्ज मॅनेजर’ बसवा, पण लगेच कॉम्पिझवर जाऊ नका. आधी मॅनेजरमध्ये ‘विंडो डेकोरेशन’, ‘मूव्ह विंडो’ आणि ‘रिसाइझ विंडो’ या तिघांवर टिक आहे ना ते पाहा. पहिली राहिली तर विंडोंच्या माथ्यावरची पट्टी गायब होते, दुसरी राहिली तर विंडो जागची हलत नाही. त्यानंतर ‘माटे ट्वीक’मध्ये विंडो मॅनेजर म्हणून कॉम्पिझ निवडा.

ठोकळ्यासाठी ‘जनरल ऑप्शन्स’मधल्या ‘डेस्कटॉप साइझ’ टॅबमध्ये आडवी संख्या ४ आणि उभी १ करा. मग ‘डेस्कटॉप क्यूब’ आणि ‘रोटेट क्यूब’ चालू करा. ‘डेस्कटॉप वॉल’शी टक्कर होते असं विचारलं तर वॉल बंद करायला होकार द्या. कंट्रोल आणि ऑल्ट धरून माउसचं डावं बटण दाबून ओढलं की ठोकळा हातात येतो.

एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये फारसं काही नाही: ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’च्या ‘कंपोझिटर’ टॅबमध्ये सावल्या आणि पारदर्शकता, एवढंच. त्याचा कंपोझिटर चालू ठेवून वर दुसरा लावू नका; एक्स११वर एका पडद्याला एकच कंपोझिटर चालतो.

बिघडलं तर

प्लाझ्मात एक्स११ सेशन असेल तर ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ एकत्र दाबा. सगळे इफेक्ट्स तात्पुरते थांबतात. वेलँडवर हा मार्ग नाही, कारण तिथे कंपोझिटर थांबला की पडदाच थांबतो. कॉम्पिझनं घोळ घातला तर ‘माटे ट्वीक’मधून परत मार्को (माटेचा मूळ विंडो मॅनेजर) निवडा, आणि मॅनेजरच्या ‘प्रेफरन्सेस’मधून सगळं मूळ स्थितीत आणा.

दोष कुठे आहे ते कळत नसेल तर नवीन युजर तयार करून त्यात लॉगिन करा. तिथे सगळं सुरळीत चाललं तर ड्रायव्हर ठीक आहे आणि बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. प्लाझ्मात मग होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरातली केविनची सेटिंगची फाइल दुसऱ्या नावानं ठेवा आणि पुन्हा लॉगिन करा; कोरी फाइल आपोआप तयार होते. फाइल पुसू नका, कारण तुमच्या आधीच्या सेटिंग्ज शोधायला जुनी लागू शकते. नव्या युजरलाही तोच त्रास होत असेल तर परत पहिल्या तपासणीकडे जा. कर्नल अपडेट झाल्यावर एनव्हिडियाचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) नव्या कर्नलसाठी तयार न होणं, हे त्याचं नेहमीचं कारण. बूटच्या मेनूतून जुना कर्नल निवडून सुरू करा, नव्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या फाइली) बसवा, आणि ड्रायव्हर पुन्हा बसवा.