सातारा-सांगलीहून डायनोसॉर बघायला निघताना

आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात डायनोसॉरची हाडं शोधत बसू नका. डोंगरावर मुलं 'दात' म्हणून जे पांढरे चकचकीत खडे उचलतात, ती लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेली खनिजं. आपल्या भागात हाडं लागलीच तर नदीच्या जुन्या गाळात. बेळगावजवळच्या गोकाककडच्या गेंड्याचे जीवाश्म भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली नोंदवले ते असेच.

त्यामुळे प्रवास आलाच. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला, डायनोसॉरची हाडं सापडली त्या जागेवरच संग्रहालय आहे. पुण्याहून रेल्वेनं वडोदरा किंवा अहमदाबाद, पुढे गाडीनं. जाऊन-येऊन दोन मुक्काम धरा आणि निघण्याआधी सुट्टीचा वार फोन करून विचारा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात.

आत गेल्यावर पहिला प्रश्न एकच: हे हाड खरं की प्रतिकृती? पाटी वाचा. मग कडेनं बघा. साच्याची बारीक शीर, सगळीकडे एकच रंग, टोकाशी हवेचे गोल खड्डे दिसले तर प्रतिकृती. खऱ्या हाडाला भेगा असतात, रंग एकसारखा नसतो, तुटल्या जागी आतली जाळी दिसते. खरा सांगाडासुद्धा बहुधा एका प्राण्याचा नसतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बारापासॉरस हा डायनोसॉर अनेक प्राण्यांच्या हाडांतून जुळवलेला आहे, आणि त्याची कवटी कधी मिळालीच नाही. मांडीचं हाड मात्र सुमारे १.७ मीटर, म्हणजे उभ्या माणसाएवढं.

मग कंबरेकडे चला. मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबण बहुतेक डायनोसॉरमध्ये आरपार भोक असते; आपल्यात ती वाटीसारखी. दात बघताना कडेला करवतीसारखे दाते आणि मागे वळलेलं टोक असेल तर प्राणी मांसाहारी.

फोटोत दोन चुका हमखास होतात. फ्लॅशमुळे काचेवर पांढरा डाग येतो. फ्लॅश बंद करून फोन काचेला टेकवा. आणि मापासाठी काचेबाहेर नाणं धरू नका: ते कॅमेऱ्याच्या जवळ असल्यानं मोठं दिसतं, हाड लहान. त्यापेक्षा पाटीचा फोटो आधी काढा, मग वस्तूचा. घरी गेल्यावर कुठलं काय ते गोंधळत नाही.

शाळेची सहल असेल तर आठ-आठ मुलांचे गट करा, प्रत्येकाला पाचच वस्तू काढायला द्या, पेन्सिलीनं. वीस दिल्या की मुलं पाट्या उतरवत बसतात, हाडाकडे बघतच नाहीत.