आठवणींवरची विज्ञान-कादंबरी: या चुका टाळा

नायिका नाशिकच्या रामकुंडाच्या पायरीवर शुद्धीवर येते. काहीच आठवत नाही, स्वतःचं नावही नाही. पुढच्याच पानावर ती रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालते. हुज्जत चालेल, पण ती का चालते, हे लेखकाला ठाऊक हवं.

पहिली चूक: स्मृती म्हणजे एकच कपाट समजणं. १९५३ मध्ये अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसनच्या मेंदूतला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा) बराचसा अंश काढला गेला. त्याची भाषा शाबूत राहिली, बालपणही आठवत होतं; नवे प्रसंग मात्र टिकेनात. तरीही आरशात बघून चांदणी गिरवण्यात त्याचा हात रोज सुधारत गेला, आणि काल सराव केला होता हेच त्याला आठवत नसे. म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर मांडा: प्रसंग गेले, की शब्द, की हाताचं कसब? फक्त प्रसंग गेले असतील, तर ती रविवार कारंजाच्या गर्दीतून स्कूटर सफाईने काढेल. कुणाकडे निघालेय, तेवढं सांगता येणार नाही.

दुसरी चूक वयाच्या हिशेबाची. समजा, नायिका २०१५ च्या सिंहस्थात जन्मली आणि कथा २०३१ मध्ये घडते. तिला २०१६ चा पूर 'लख्ख आठवतो' असं लिहू नका. साधारण तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी आठवत नाही. ते घरच्यांनी सांगितलेलं, मोबाइलवर पाहिलेलं असतं. पण २००८ चा पूर आठवत असेल, तर ती आठवण तिची नाहीच, आणि तुमची कादंबरी तिथूनच सुरू होते. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं होतं, ते त्या वर्षीच्या बातम्यांशी ताडून घ्या. नाशिकचा वाचक आधी तेच बघेल.

ही उसनी आठवण मुलग्याची असेल, तर मराठीत एक फुकटचा धागा मिळतो. एरवी 'मी गेले' म्हणणारी मुलगी पुराबद्दल बोलताना सहज म्हणते, 'मी आजोबांच्या खांद्यावर बसलो होतो.' एवढं पुरे, खुलासा करू नका. संपादकाला मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो 'बसले होते' करून टाकेल. नायिका कोल्हापूरकडची असेल, तर ही युक्ती बाद. तिकडे मुलीही 'मी आलो' म्हणतात.

तिसरी चूक: आठवण व्हिडिओसारखी दरवेळी जशीच्या तशी दाखवणं. १९७४ च्या प्रयोगात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अपघाताची फिल्म दाखवून विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना 'धडकल्या'ऐवजी 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा धाटणीचा शब्द वापरला. आठवड्यानंतर या दुसऱ्या गटातल्या ५० पैकी १६ जणांनी फुटलेल्या काचा पाहिल्याचं सांगितलं, पहिल्या गटातल्या ७ जणांनी. काचा फुटल्याच नव्हत्या. तेव्हा पुराचा प्रसंग तीनदा येत असेल, तर दरवेळी एक तपशील हलवा, आणि तो कुणाच्या प्रश्नामुळे हलला ते वहीत टिपा. वहीत तीन रकाने करा: वाचकाला काय माहीत, नायिकेला काय माहीत, तिला काय माहीत असल्यासारखं वाटतं. प्रत्येक प्रकरणानंतर भरा. कथा मध्येच अडते, तेव्हा बहुधा तिसरा रकाना कोरा असतो.

शेवटी आरशासमोरचं दोन पानी 'मी कोण?' काढून टाका. त्याऐवजी रंगपंचमीला तिला जुन्या नाशकातल्या रहाडीच्या, म्हणजे रंगाने भरलेल्या जमिनीतल्या हौदाच्या, काठावर उभं करा. धप्पा (रहाडीत उडी) मारल्याचं तिला पक्कं आठवतंय, पण तिच्यात फक्त प्रसंग घातलाय, कसब नाही. ती बिनधास्त उडी घेते आणि रंगात आडवी आपटते.