पायात गुठळी निघालीय? घरी यायच्या आधी एवढं जमवून ठेवा

मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला कुठली गोळी हे मी सांगणार नाही. पण पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत गुठळी झालेला पेशंट घरी आला की पुढच्या तीन महिन्यांत घरच्यांची कुठे तारांबळ उडते ते काउंटरवरून बरंच दिसतं, आणि त्यातली बरीचशी डिस्चार्जच्या दिवशीच टाळता येते.

तर पहिलं म्हणजे डिस्चार्जचा कागद हातात आला की लगेच रिक्षा बोलवू नका. गुठळी पोटरीत आहे की गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत गेलीय, कशामुळे झाली असं डॉक्टरांना वाटतं (ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, कॅन्सर की काहीच कारण सापडलं नाही), आणि औषध कुठल्या तारखेपर्यंत, एवढं विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. साधारण निदान तीन महिने तरी औषध असतंच, आणि ज्यांना कारण सापडलेलं नाही किंवा कारण अजून संपलेलं नाही त्यांना पुढेही चालू राहू शकतं. रक्त पातळ करायची गोळी म्हणतात खरी पण ती गुठळी विरघळवत नाही, ती फक्त गुठळीला वाढू देत नाही आणि नवीन होऊ देत नाही, जुनी विरघळवायचं काम शरीर आपल्या सवडीनं करतं. म्हणून आठ-दहा दिवसांत सूज उतरली, पाय हलका वाटला आणि गोळी बंद केली, हे सगळ्यात घातक. तेवढ्यात गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

आता डोसचं नीट बघा, कारण खरी गडबड इथे होते. रक्त पातळ करायची गोळी रिव्हारोक्साबान असेल तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मग २० मिलिग्रॅम एकदा असा नेहमीचा हिशोब असतो, अपिक्साबान असेल तर पहिले ७ दिवस १० मिलिग्रॅम दोनदा आणि मग ५ मिलिग्रॅम दोनदा. म्हणजे डोस बदलायची एक ठरलेली तारीख असते आणि नेमका तो दिवस रविवार निघतो, तालुक्याच्या गावात त्या पॉवरची पट्टी शिल्लक नसते, आणि घरचे म्हणतात उद्या बघू. तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहा आणि पुढच्या पॉवरची पट्टी चार दिवस आधी आणून ठेवा. रिव्हारोक्साबानच्या १५ आणि २० च्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या, रिकाम्या पोटी त्या नीट अंगी लागत नाहीत, त्यामुळे चतुर्थीचा कडक उपास करणाऱ्या काकूंनी आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं, दोन घोट चहावर ती गोळी घेऊ नये. गोळी चुकली तर काय करायचं हेही आत्ताच विचारून ठेवा. अपिक्साबान त्याच दिवशी आठवल्या आठवल्या घ्यायची पण दुप्पट करायची नाही, रिव्हारोक्साबानला मात्र पहिल्या २१ दिवसांत दिवसाचे ३० मिलिग्रॅम पूर्ण व्हावेत म्हणून १५ च्या दोन एकदम घेतलेल्या चालतात आणि नंतर नाही. हा फरक रात्री अकराला फोनवर समजावणं अवघड असतं हो.

वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर तयारी वेगळी. सुरुवातीला रक्त पातळ करायच्या, पोटावर टोचायच्या इंजेक्शनसोबत निदान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) २ च्या वर टिकेपर्यंत दोन्ही एकत्र चालतात, इंजेक्शन महाग आहे म्हणून मधेच सोडू नका. पुढे आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासायचा. पालेभाज्यांनी आयएनआर खालीवर होतो, पण पालक, मेथी, अळू, कोथिंबीर पूर्ण बंद करायची गरज नाही, रोज साधारण सारखीच खा, एक आठवडा काहीच नाही आणि मग लग्नघरात तीन दिवस अळूची पातळ भाजी असं नको. पोटावरचं इंजेक्शन म्हणजे एनॉक्सापॅरिनची भरलेली सुई असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही, पूर्ण सुई द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, आणि टोचल्यावर जागा चोळायची नाही.

चोळण्यावरून आठवलं. आपल्याकडे पाय दुखला की आजी तेलाची वाटी घेऊनच येते. ताजी गुठळी असलेला पाय चोळायचा नाही, रगडायचा नाही, मालिशवाल्याला बोलवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आणि भेटायला येणाऱ्या मावशीलाही आधी सांगून ठेवा.

मग औषधाचा डबा उपसा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन असलेल्या दुखण्याच्या गोळ्या बाजूला काढा, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते (हार्टवाल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर स्वतः बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना कळवा). दुखण्याला बहुतेक वेळा पॅरासिटामॉल सांगतात. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक यांनी या औषधांचा परिणाम कमीजास्त होतो, आणि काढे, अर्क, हळदीच्या कॅप्सूल हे पण औषधच धरा आणि डॉक्टरांना दाखवा. कंबरेवर इंजेक्शन द्यायला कोणी निघालं तर आधी सांगा, दात काढायच्या आधीपण. बायकांसाठी एक खास गोष्ट, गणपती किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी काउंटरवर सर्रास मागतात, त्यातल्या नॉरएथिस्टेरॉननं गुठळीची भीती वाढू शकते, काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही. एकदा गुठळी झालेल्या बाईनं स्त्रीरोगतज्ज्ञांना न विचारता ती घ्यायची नाही, मी तर देतच नाही. दिवस राहायची शक्यता असेल तर तेही आधीच सांगा, गरोदरपणात वॉरफेरिन आणि रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्या सहसा चालत नाहीत, पोटावरचं इंजेक्शन चालतं.

पलंगावर पडून राहायची तयारी मात्र करू नका. बहुतेकांना डॉक्टर लवकरच चालायला सांगतात, बसताना-झोपताना पायाखाली उशी घ्यायची एवढंच. स्टॉकिंग (पायाला दाब देणारे घट्ट मोजे) घ्यायचे तर सकाळी सूज कमी असताना घोटा आणि पोटरी मोजून घ्या, अंदाजानं एल साइज नको, आणि शुगरवाल्यांनी पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालू नये. पूर्वी सगळ्यांनाच दोन वर्षं घालायला सांगायचे, २०१४ साली आठशेवर पेशंटच्या अभ्यासात पुढचा त्रास त्यानं टळत नाही असं दिसलं, पण सूज आणि जडपणाला आराम पडत असेल तर खुशाल घाला.

पुढचा त्रास म्हणजे काय ते सांगतो, कारण याची तयारी कोणी करतच नाही. गुठळीनं शिरेतल्या झडपा खराब होतात, रक्त खाली साचतं, आणि मांडीपर्यंतच्या गुठळीनंतर दोन वर्षांत बऱ्याच जणांना, म्हणजे पाचातल्या एकापासून पार निम्म्यांपर्यंत, पाय जड होणं, संध्याकाळी सुजणं, खाज, घोट्याजवळ कातडी काळी पडणं असं काहीतरी मागे लागतं, थोड्यांना जखमही होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. त्याच पायात दुसरी गुठळी झाली की हे जास्त होतं, म्हणून पहिल्या महिन्यांतला एकही डोस चुकवायचा नाही, वजन आणि चालणं दोन्ही सांभाळायचं. एक शिंप्याचा टेप आणा, दोन्ही पोटऱ्या एकाच ठिकाणी आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहा, तपासणीला ती वही घेऊन जा. नळी घालून गुठळी काढायचं नातेवाईक फार विचारतात, ते सगळ्यांसाठी नाही, २०१७ च्या मोठ्या अभ्यासात सरसकट केल्यानं पुढचा त्रास कमी झाला नाही आणि रक्तस्राव वाढला. पाय निळा पडला, धोक्यात आला, तर गोष्ट वेगळी, तिथे वेळ घालवू नका.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर थेट १०८. काळी डांबरासारखी शी, लाल लघवी, न थांबणारं रक्त, किंवा डोक्यावर पडणं, बाहेरून खरचटलेलंही नसलं तरी हॉस्पिटल. पावसाळ्यात ताप आला तर तोही याच कागदावर, डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि वर ही गोळी चालू असते, त्यामुळे त्याच दिवशी रक्त तपासून डॉक्टरांना विचारायचं, गोळी स्वतःच्या मनानं थांबवायची पण नाही.

तीन महिन्यांच्या भेटीची तारीख आत्ताच घ्या, पट्टी संपली म्हणजे कोर्स संपला असं नसतं. फुप्फुसातही गुठळी गेली असेल आणि तीन महिन्यांनीही जिना चढताना दम लागत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, त्या भेटीत स्पष्ट सांगा, त्याची वेगळी तपासणी असते. आणि त्याआधी नागपूर-पुणे असा रात्रभराचा प्रवास निघालाच तर कडेची सीट, पाण्याची बाटली, अधूनमधून उठून दोन पावलं, आणि गोळ्यांची पट्टी बॅगेत नाही, खिशात.